त्वचेची भिंत आणि थंड प्लाझ्मा

त्वचेवर लावलेले औषध आत उतरू न देणारा खरा पहारेकरी म्हणजे तिचा सर्वांत वरचा थर, शृंगस्तर. त्याची जाडी बहुतेक अंगावर 10 ते 20 मायक्रोमीटर, केसाहूनही कमी. पण बांधणी पक्की असते: मृत, चपट्या पेशींच्या विटा आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्यांचा चुना. लहान आणि तेलात विरघळणारे रेणू यातून झिरपतात, बाकीचे बाहेरच राहतात. रेणूच्या वजनाची ढोबळ मर्यादा 500 डाल्टनची मानतात. इन्सुलिनचा रेणू सुमारे 5,800 डाल्टनचा आहे. मधुमेहीला इन्सुलिन सुईने टोचून घ्यावे लागते, त्याचे हे एक कारण.

ही भिंत काय आत सोडते, हे डाळिंबाच्या बागा असलेल्या आटपाडीसारख्या तालुक्यात फवारणी करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पाठीवरचा पंप गळला की द्रावण घामट पाठीवर पसरते. प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचा रेणू सुमारे 374 डाल्टनचा आणि तेलकट स्वभावाचा, म्हणजे त्वचेला हवा तसाच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. अशा विषबाधेत श्वासाइतकाच त्वचेचाही मार्ग असतो. विषाला वाट आणि इन्सुलिनला अडसर, असा हा न्याय आहे. औषधी पट्ट्याही याच वाटेने काम करतात. 1979 मध्ये अमेरिकेत स्कोपोलामिनच्या पट्टीला मान्यता मिळाली, पुढे निकोटिन आणि फेंटॅनिलच्या पट्ट्या आल्या. सगळे रेणू लहानच.

मोठ्या रेणूंसाठी भिंत थोडा वेळ सैल करण्याचा एक उपाय म्हणजे थंड प्लाझ्मा. कोरोनाकाळात गाजलेल्या प्लाझ्मा थेरपीशी याचा संबंध नाही. तो रक्तातला द्रव होता. हा प्लाझ्मा म्हणजे विजेने आयनीभूत झालेला वायू. अर्विंग लँगम्युर यांनी 1928 मध्ये त्याला हे नाव दिले. आकाशातली वीज हा तप्त प्लाझ्मा. थंड प्लाझ्मात मात्र फक्त इलेक्ट्रॉन तापतात, वायू अंगाला सोसेल इतकाच कोमट राहतो.

काच किंवा सिरॅमिकने झाकलेला इलेक्ट्रोड त्वचेजवळ धरून उच्च दाबाच्या विजेचे अतिलघु स्पंद दिले, की मधल्या हवेत फिकट जांभळा उजेड पडतो. त्यातून ओझोन, नायट्रिक ऑक्साइड असे क्रियाशील पदार्थ तयार होतात. ते चुन्यातल्या स्निग्ध द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करतात. त्वचेवर पाणी थेंबासारखे न राहता पसरू लागते. शिवाय विद्युतक्षेत्रामुळे थरात सूक्ष्म छिद्रे पडतात. औषध सहसा यानंतर लावतात, कारण आधी लावले तर प्लाझ्मा त्या औषधावरच क्रिया करू शकतो. जर्मनीत गॉटिंगेनच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी त्वचेवर असे प्रयोग केले आहेत. सगळी कसरत ठिणगी पसरवण्याची आहे. ती एकाच बिंदूवर एकवटली तर त्वचा भाजते.

जखमा भरून येण्यासाठी आर्गॉन वायूवर चालणारे प्लाझ्मा उपकरण जर्मनीत 2013 पासून अधिकृतपणे वापरात आहे. औषध आत नेण्याचे काम मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच चालते.

महाराष्ट्रातले जवळचे प्रयोग वेगळ्या वाटेचे आहेत. त्यांत प्लाझ्मा नव्हे, तर दाब वापरला गेला: आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात प्रा. वीरेन मेनेझिस यांच्या गटाने नायट्रोजनच्या दाबातून आघातलहर निर्माण करणारी बिनसुईची सिरिंज बनवली आणि उंदरांवर तपासली. झायकोव्ह-डी ही कोरोनाची लसही बिनसुईचीच. 2021 मध्ये राज्यात तिच्यासाठी नाशिक आणि जळगाव जिल्हे निवडले गेले. या दोन्हींत द्रवाची बारीक धार वेगाने त्वचा भेदते. प्लाझ्मा भेदत नाही, वाट सैल करतो, आणि औषध आपल्या गतीने झिरपते.

म्हणूनच मात्रा ठरवणे अवघड जाते. दंडावरचा शृंगस्तर नाजूक, तर तळपायाचा शेकडो मायक्रोमीटर जाड. मेंढरांमागे चालणाऱ्याच्या टाचेचा त्याहूनही. तेवढ्याच प्लाझ्माने एका जागी भरपूर औषध आत जाईल आणि दुसरीकडे जवळपास काहीच नाही.