शिकविणाऱ्याचें अंग

गेल्या माघांत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं नागपुरास जाऊन-येऊन 'पिलाटेस' नांवाच्या व्यायामपद्धतीचें शिक्षण पुरें केलें. प्रमाणपत्र आलें, तें देवापुढें ठेवून झालें, पेढेहि वाटले गेले. आणि त्यानंतर तें कपाटांत पडून राहिलें. वर्ग कधीं काढणार असें कोणीं विचारलें कीं सूनबाई स्वयंपाकघरांत कांहीं तरी काम काढीत. अखेर एके संध्याकाळीं अंबाळा तलावाच्या काठीं फिरावयास गेलों असतां आम्हीं सरळच विचारलें. त्या म्हणाल्या, "नाना, माझें वय अडतीस. दोन बाळंतपणें झालेलीं. कंबर दुखत होती म्हणून तर मी या वाटेला गेलें. अजून एक-दोन प्रकार मला स्वतःला धड साधत नाहींत. चित्रांतल्या त्या सडपातळ मुली पाहिल्या कीं वाटतें, आपण कोणत्या तोंडानें दुसऱ्याला शिकवावें?"

आम्ही त्या वेळीं कांहीं तरी गुळमुळीत बोललों. पण घरीं आल्यावर प्रश्न सोडीना. सारा जन्म खडू हातीं धरण्यांत गेलेल्या माणसास तो अपरिचितहि नव्हता. संस्कृताच्या पहिल्याच तासाला 'राम' शब्दाच्या षष्ठीच्या द्विवचनाशीं आमची जीभ अडखळली आणि मागल्या बाकावरच्या एका मुलानें तें रूप पुरें केलें. ती लाज अजून आठवते.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटेस १८८३ सालीं जर्मनींत जन्मला. लहानपणीं त्यास दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ज्वर यांनीं पछाडलें होतें. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां तो इंग्लंडांत होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यास स्थानबद्ध करून पुढें मॅन बेटावरील छावणींत ठेविलें. तेथें तो सोबतच्या बंदिवानांस व्यायाम शिकवी. अंथरुणास खिळलेल्यांच्या खाटांस स्प्रिंगा बांधून हातपाय हलविण्याची युक्ति त्यास तेथेंच सुचली असें सांगतात. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कास गेला आणि पत्नी क्लारा हिच्यासह त्यानें तेथें व्यायामशाळा चालविली. नर्तक मंडळी दुखावलेले गुडघे व कंबरा घेऊन त्याच्याकडे येत. आपल्या पद्धतीस त्यानें दिलेलें नांव 'कॉन्ट्रॉलॉजी', म्हणजे नियंत्रणाची विद्या. लोकांनीं तें टाकून त्याचेंच नांव तिला दिलें. यांत घाम गाळण्यापेक्षां लक्ष देण्यास महत्त्व. श्वास मोजावयाचा, पोटाच्या आंतल्या स्नायूंचा आधार घ्यावयाचा, पाठीचा कणा एकेक मणका करून उचलावयाचा. आवृत्त्या थोड्या, पण सावकाश. शिकविणाऱ्यानें सर्व वेळ करून दाखवावें असेंहि नाहीं. चटयांमधून फिरून कोणाचा खांदा वर चढला, कोणीं श्वास कोंडला, हें पाहणें हेंच त्याचें मुख्य काम.

अधिक जवळचें उदाहरण पुण्याचें. बी. के. एस. अय्यंगार १९१८ सालीं कर्नाटकांतील बेल्लूर गांवीं जन्मले. हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनीं बाळपण पोखरलेलें. १९३७ सालीं त्यांचे गुरु, जे बहिणीचे यजमानहि होते, त्या कृष्णम्माचार्यांनीं त्यांस सहा महिन्यांकरितां पुण्यास योग शिकविण्यास धाडिलें. वय अठरा, मॅट्रिकहि झालेले नाहींत (आम्ही निदान तेवढे तरी होतों), मराठीचा गंध नाहीं, इंग्रजी तुटपुंजी. आणि समोर डेक्कन जिमखान्यावरचीं कॉलेजांतलीं मुलें, विद्येनें आणि अंगानेंहि वरचढ. अय्यंगारांनीं दिवसाचे कित्येक तास एकट्यानें आसनें केलीं आणि आपणांस कोठें व कां दुखतें याचा शोध घेतला. पुढें ठोकळे, पट्टे, खुर्च्या, दोर यांच्या साहाय्यानें अशक्तासहि आसन साधावें अशी रीत त्यांनीं बसविली, तिचें मूळ त्या दुखण्यांतच असावें असें आम्हांस वाटतें. सहा महिन्यांसाठीं आलेले ते २०१४ मध्यें वारले ते पुण्यासच.

हें सर्व एका रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं सूनबाईंस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "तीं थोर माणसें हो, नाना." उत्तर रास्त होतें. थोरांचीं उदाहरणें देण्यांत ही खोडच आहे.

मग आम्ही नाटकाकडे वळलों. रामटेकचा माणूस कालिदासाचें नांव घेतल्यावांचून राहत नाहीं; 'मेघदूतां'तला रामगिरि तो हाच, असें म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं मांडल्यापासून तर आमचा अभिमान अधिकच फुगला आहे. 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें श्रेष्ठ कोण यावरून भांडण लागतें. (राजास निवाड्यापेक्षां मालविकेच्या दर्शनाची घाई आहे, तें असो.) निवाडा परिव्राजिका कौशिकीवर येतो. तिचा आशय असा कीं, विद्या आपल्या अंगीं असणें ही एक गोष्ट, ती दुसऱ्यांत उतरविणें ही निराळी. दोन्ही असतील तो पहिला. परीक्षेसाठीं नाचावयाचें तें आचार्यांनीं नव्हे, शिष्यांनीं. "सूनबाई, तुला कोण पाहणार आहे? समोरच्या बाईची पाठ सुटली कीं नाहीं एवढेंच पाहतील," आम्ही म्हणालों.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलें, "आणि कोणाला दुखापत झाली तर?"

हा संशय मात्र आम्हीं खोडला नाहीं; उलट कागद-पेन्सिल आणून दिली. रक्तदाब, मणक्याचा विकार, ठिसूळ झालेलीं हाडें, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया: यांपैकीं कांहीं असल्यास आधीं डॉक्टरांची चिठ्ठी, मग चटई, असें त्यांनीं लिहून काढिलें. जो प्रकार स्वतःस पुरता उमगला नाहीं तो शिकवावयाचा नाहीं, हेंहि त्यांनींच खालीं जोडलें. लिहितांना हात कांपत नव्हता.

वैशाखांत माडीवर वर्ग सुरू झाला. ऊन चढण्यापूर्वीं, सकाळीं साडेपांचास. बाया चार. आम्ही जिन्यांत उभे राहून ऐकत होतों, हें कबूल केलें पाहिजे. शेजारच्या काकूंना उताणें पडून डोकेंहि उचलतां येईना; त्या ओशाळून हसूं लागल्या. तोंच सूनबाईंचा आवाज आला, "काकू, मला हें जमायला तीन महिने लागले. गुडघे वांकवा, मांड्यांना मागून हातांनीं धरा. आतां श्वास सोडतां सोडतां फक्त हनुवटी आंत घ्या. उठायचें नाहींच." क्षणभर शांतता झाली, आणि काकूंचा आवाज आला, "अगोबाई, उचललें कीं!"

आषाढांत चटया अकरा झाल्या. एक दिवस आमची जुनी सतरंजी जागेवर दिसेना. ती माडीवर कोणासाठीं गेली असें विचारलें, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं उत्तर दिलें नाहीं.