बाया कर्वे : जमाखर्चात न आलेले श्रम

सार्वजनिक संस्थांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात दोन प्रकारच्या व्यक्तींची नावे हमखास येतात. पहिली संस्थापकांची आणि दुसरी देणगीदारांची. पहिल्याने विचार दिला, दुसऱ्याने पैसा दिला, म्हणून संस्था उभी राहिली असा सर्वसाधारण समज असतो. परंतु विचार आणि पैसा यांखेरीज आणखी एका गोष्टीवर संस्था उभी राहते. ती म्हणजे संस्थापकाचे घर चालवणाऱ्या व्यक्तीचे श्रम. हे श्रम कोणत्याही ताळेबंदात येत नाहीत आणि म्हणून ते इतिहासातही येत नाहीत. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे दीर्घ आयुष्य या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

बायांचा जन्म १८६५ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखच्या जोशी कुटुंबात झाला. माहेरचे नाव गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर अल्पावधीतच वैधव्य, ही त्या काळातील असंख्य मुलींची कहाणी त्यांच्याही वाट्याला आली. तारुण्याची वर्षे त्यांनी सासरी राबण्यात घालवली. पुढे मुंबईला बंधू नरहरपंत यांच्या बिऱ्हाडी त्या आल्या आणि तेथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. त्या संस्थेत शिकण्यास आलेली पहिली विधवा म्हणजे या गोदूबाई. ज्या वयात त्यांच्या बरोबरीच्या स्त्रिया तीन-चार मुलांच्या आया झालेल्या असत, त्या वयात त्यांनी अक्षरे गिरवली.

बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. कर्वे विधुर होते आणि नरहरपंतांचे मित्र होते. या विवाहाबद्दल मुरूडच्या ग्रामस्थांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, हे सर्वज्ञात आहे. त्या बहिष्काराची चर्चा बहुधा कर्व्यांच्या धैर्याच्या संदर्भात होते आणि ती योग्यच आहे. परंतु दिवसभर चार माणसांत वावरणाऱ्या प्राध्यापकाला बहिष्कार जितका जाचतो, त्यापेक्षा किती तरी अधिक तो सणवार, हळदीकुंकू, शेजारपाजार आणि आजारपण यांत जगणाऱ्या गृहिणीला जाचतो, याचा विचार क्वचितच होतो.

त्यागाची किंमत कोणी मोजली?

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कॉलेजचे काम संपले की संध्याकाळी हिंगण्याला पायी जायचे आणि सकाळी परत यायचे, असा अण्णांचा क्रम होता. या पायपिटीवर महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनी निबंध लिहिले आहेत. पण अण्णा हिंगण्याला असताना पुण्यातील घर कोण सांभाळत होते? थोरल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ, बायांचे स्वतःचे शंकर, दिनकर व भास्कर हे तीन मुलगे, त्यांची दुखणी, शिक्षण आणि जेवणखाण हा सारा भार एका स्त्रीच्या अंगावर होता.

कर्व्यांनी आपली बचत संस्थेला दिली. आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे केली. बायांना हे पटले नव्हते. यात त्यांच्या मनाचा कोतेपणा पाहणे अन्यायाचे होईल. एकदा वैधव्य भोगलेल्या, जातीने वाळीत टाकलेल्या आणि पदरी लहान मुले असलेल्या स्त्रीला विम्याची रक्कम म्हणजे काय हे ज्या नेमकेपणाने कळते, तितके ते कोणत्याही गणिताच्या प्राध्यापकाला कळणे कठीण. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे जोखीम एकाची होती आणि निर्णय दुसऱ्याचा होता. संस्थेच्या जमेच्या बाजूला ही रक्कम देणगी म्हणून दिसली. तिच्यामुळे घराची जी सुरक्षितता गेली, ती मात्र कोठेच लिहिली गेली नाही.

आणखी एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. सनातनी समाजातील मुली व देणग्या संस्थेकडे याव्यात म्हणून आश्रमाने पुनर्विवाहाच्या चळवळीपासून स्वतःला जाणीवपूर्वक अलग ठेवले होते. व्यवहाराच्या दृष्टीने हे धोरण चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, विधवांसाठी काढलेल्या संस्थेत, एके काळी विधवा असलेली संस्थापकाची पत्नीच पुनर्विवाहित म्हणून काहीशी परकी ठरली.

तरीही बाया स्वस्थ बसल्या नाहीत. नागपूरला राहून त्या सुईणीचे काम शिकल्या. शिक्षण म्हणजे केवळ परीक्षा आणि पदवी नव्हे, तर स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन होय, ही शारदा सदनातील शिकवण त्यांनी शब्दशः आचरली. संस्थेसाठी दारोदार जाऊन त्यांनी वर्गणी गोळा केली. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी तर आश्रमाच्या निधीसाठी गावोगाव हिंडून पुढे अमेरिकेपर्यंत मजल मारली. मुलांपैकी रघुनाथराव संततिनियमनाचे आद्य प्रचारक झाले, शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि भास्करराव हिंगण्याच्या कार्याला वाहिलेले राहिले. ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १९४४ मध्ये, बायांचे ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले. सूनबाई कावेरी कर्वे यांनी त्याचे संपादन केले. हे पुस्तक नसते तर महर्षींच्या चरित्रातील एक उल्लेख एवढेच त्यांचे स्थान उरले असते.

शास्त्राची अडचण

येथे दोष एकट्या कर्व्यांना देणे गैर ठरेल. आपल्या सुखाची त्यांनी तसूभरही पर्वा केली नाही आणि स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी जे केले त्याला तोड नाही. दोष मोजमापाच्या पद्धतीत आहे. खुद्द अर्थशास्त्रालाही हा दोष फार पूर्वी उमगला होता. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी विवाह केला तर तिचे काम तेच राहते, पण पगार थांबल्यामुळे राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिली. शंभर वर्षे हे उदाहरण विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करीत आले. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची रीत मात्र बदलली नाही.

भारत सरकारने २०१९ मध्ये देशभर कालविनियोगाची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी ज्या स्त्रिया घरातील बिनमोल कामे करत होत्या त्यांचा त्यात तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१ टक्क्यांच्या पुढे, तर पुरुषांत अवघे २६ टक्के. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात मरण पावलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईचा निकाल देताना, जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैदी यांच्यासमवेत अनुत्पादक गटात बसवल्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. गृहिणीच्या श्रमाचे मोल ठरवण्याचा प्रसंग तिच्या मृत्यूनंतरच यावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

नोंद आणि हक्क

हा प्रश्न केवळ मध्यमवर्गाचा किंवा पुण्याचा नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील शिरवण्यासारख्या गावाकडे पाहिले म्हणजे नोंद नसण्याचा व्यावहारिक अर्थ ध्यानी येतो. औद्योगिक वसाहत आणि पुढे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचे नवे शहर यांसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यांत शिरवणे आहे. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या भातशेतीत लावणी, बेणणी आणि झोडणी करणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. परंतु मोबदला ठरतो तो श्रमावर नव्हे, सातबाराच्या उताऱ्यावर. आणि उताऱ्यावरची नावे बहुतांशी पुरुषांची. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये झाला. तोवर पुष्कळशा जमिनी हातच्या गेल्या होत्या. ज्याची नोंद नाही त्याला वाटा नाही, हा नियम हिंगण्याला जितका खरा ठरला तितकाच शिरवण्यालाही.

प्रेमाने केलेल्या कामाची किंमत रुपयांत करणे हे त्या प्रेमाचा अपमान करणे होय, असा आक्षेप या संदर्भात नेहमी घेतला जातो. तो प्रामाणिक असला तरी टिकणारा नाही. श्रमाची नोंद घेणे म्हणजे श्रम विकत घेणे नव्हे. शिक्षकाला वेतन मिळते म्हणून त्याची विद्यार्थ्यांवरील माया खोटी ठरत नाही. उलट, नोंद नसली की तो त्याग न राहता एक गृहीत गोष्ट होऊन बसते आणि गृहीत धरलेल्या माणसाला निर्णयात कोणी विचारत नाही. बायांना विम्याच्या बाबतीत आला तो अनुभव हाच होता.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले. पाऊल लहान असले तरी त्याची दिशा बरोबर आहे. पण कागदावर नाव आल्याने काम संपत नाही. शेतजमिनीच्या आणि घराच्या नोंदीत पत्नीचे नाव लावणे, संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथांत या घरांतील स्त्रियांच्या कार्यावर स्वतंत्र प्रकरण असणे, आणि महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांनी आपल्याच घरातील एका दिवसाच्या कामाचा तासवार तक्ता मांडणे, या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. हिंगण्याच्या माळावरील संस्थेने हजारो मुलींना शिकवले. त्या मुलींच्या शिक्षणाचा काही भाग बाया कर्वे यांनी आपल्या संसारातून फेडला होता. ते देणे निदान आजच्या पिढीने आपल्या वहीत लिहून ठेवावे.