घरातील चित्रपेटी आणि कायदा

यंदाच्या स्मरणिकेसाठी धान्यबाजारावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. परंतु कडधान्याच्या भावाविषयी अधिकाराने लिहू शकतील असे सभासद आपल्या संघात पुष्कळ आहेत. मी अशा वस्तूविषयी लिहिणार आहे, की जिचा व्यापार मी कधी केला नाही, तरी जिच्यापायी माझी मान खाली गेली.

२०२३ सालच्या दिवाळीची गोष्ट. नेहमीच्या किरकोळ दुकानदारांना दिवाळीस काही भेट द्यावयाची, असा आमच्या पेढीचा जुना रिवाज आहे. त्या वर्षी एका परिचित विक्रेत्याने टीव्हीला जोडावयाची एक लहानशी पेटी दाखविली. "एकदा पैसे भरले की पुन्हा वर्गणी नाही, नवे चित्रपट, क्रिकेटचे सामने, साऱ्या वाहिन्या फुकट," असे तो म्हणाला. मी बारा पेट्या घेतल्या. एक घरी ठेवली व अकरा वाटल्या. बिल मागितले तेव्हा तो नुसता हसला, आणि मीही विषय सोडून दिला. बिनपावतीचे एक पोते मी आजवर गोदामात उतरवून घेतलेले नाही. मग या पेट्या कशा घेतल्या? स्वस्त मिळाल्या, हेच खरे कारण असावे.

भाऊबीजेस पुण्याहून वकिली करणारा माझा पुतण्या आला. पेटीतून त्याच आठवड्यात चित्रपटगृहात लागलेला चित्रपट चाललेला पाहून तो म्हणाला, "काका, ही कोठून आणलीत? आणि आणखी कोणास दिलीत काय?" मी सर्व हकीकत सांगितली. त्याचा चेहरा उतरला.

त्याने जे समजाविले ते वाचकबंधूंनी ध्यानी घ्यावे. पेटी स्वतः निर्दोष असते. ती म्हणजे एक छोटा संगणकच. तीत बहुधा असणारी कोडी नावाची प्रणालीही निर्दोष आहे. ती पूर्वी एक्सबीएमसी म्हणून ओळखली जाई; २०१४ साली तिचे नाव बदलले. आपल्या घरच्या लग्नाचे चित्रण किंवा स्वतःची छायाचित्रे तीवर खुशाल पाहावीत. दोष आहे तो विक्रेत्याने तीत आधीच भरून ठेवलेल्या जोडण्यांत, ज्या परवाना नसलेल्या ठिकाणांहून चित्रपट व सामने ओढून आणतात. तराजू खरा आहे, पण त्यात घातलेला माल चोरीचा आहे, असा हा प्रकार.

युरोपात याच प्रश्नावर मोठा निवाडा झाला. नेदरलँड्समधील एक विक्रेता अशा जोडण्या भरलेल्या पेट्या विकीत असे. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने २६ एप्रिल २०१७ रोजी ठरविले, की अशी पेटी विकणे म्हणजे परवानगीवाचून ती कृती जनतेपुढे मांडणेच होय. चित्रपट साठविला नाही, केवळ वाहता पाहिला, ही सबबही त्या न्यायालयाने मान्य केली नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ६३ व्या कलमान्वये जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास, तसेच त्यास साहाय्य करणाऱ्यासही, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. खासगी वापरास कायद्यात काही सवलत आहे खरी. पण तिच्या आडोशाने चोरीचा माल शुद्ध होतो, असे कोणी मानू नये. आणि मी तर वाटणारा होतो! "काका, कालपर्यंत तुम्हांस ठाऊक नव्हते. आज मात्र ठाऊक झाले आहे," एवढेच पुतण्या बोलला. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पेट्या परत मागावयास निघालो. दिलेली भेट परत मागणे किती अवघड असते, हे ज्याने मागितली असेल त्यासच कळेल. खानापूरचे एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, "अण्णा, उधारी मागा, पण भेट परत मागता?" नऊजणांनी पेट्या दिल्या. एकाने ती आधीच मेहुण्यास देऊन टाकली होती. खानापूरकरांनी नकारच दिला. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. बिल कोठे होते मजजवळ? घरची धरून दहा पेट्या भंगारात गेल्या आणि अकराही जणांकडे मी पितळी समई पाठविली.

पुढे जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला, की अशा कित्येक स्वस्त पेट्यांत विकण्यापूर्वीच घातक प्रणाली घातलेली आढळते व घरचे इंटरनेट परस्पर गुन्हेगारांच्या कामी लावले जाते. ज्या वाय-फायवर घरची पेटी चाले, त्यावरूनच आमच्या पेढीचे बँकेचे व्यवहार होतात, हे आठवून अंगावर काटा आला.

वर्गणीदारांविषयीही थोडे लिहितो. एकाच्या वर्गणीवर चार घरांनी पाहणे हा बहुतांशी कराराचा प्रश्न आहे. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतातही तसे करण्यास आळा घातला. आपल्या तरुण मंडळींनी मात्र घरच्या वर्गणीवर संघाच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर सामना दाखविण्याचा बेत केला होता, तो मला थांबवावा लागला. घरगुती वर्गणी घरापुरतीच असते. काहीजण रागावले, ते अजून बोलत नाहीत. ज्यांस खर्च नको, त्यांच्यासाठी दूरदर्शनचे फ्री डिश आहे. प्रसार भारतीचे वेव्हजही २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झाले.

गेल्या महिन्यात खानापूरकर तांदूळ न्यावयास आले होते. बोलता बोलता म्हणाले, "अण्णा, ती पेटी आता नुसता काळा पडदा दाखविते. दुसरी मिळेल का?" मी त्यांस चहा पाजला आणि पावती लिहावयास घेतली.