इटालियन-अमेरिकनांच्या परस्परसाहाय्य संस्था

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत आले. त्यांतील बहुसंख्य कांपानिया, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिणेकडील प्रदेशांतील कष्टकरी होते. इटलीचे राज्य १८६१ मध्ये एकत्र आले असले, तरी स्वतःला 'इटालियन' म्हणवून घेण्याची या लोकांना सवय नव्हती. इटालियन भाषेत चर्चच्या घंटाघराला 'कांपानिले' म्हणतात आणि त्यावरून गावनिष्ठेला 'कांपानिलिझ्मो' हा शब्द पडला आहे. घंटानाद जिथवर पोहोचेल तिथवरची माणसे आपली, असा त्याचा भाव. अमेरिकेत उभ्या राहिलेल्या त्यांच्या बहुतेक आरंभीच्या संस्थांची घडण या एका शब्दात सामावलेली आहे.

या संस्थांना परस्परसाहाय्य मंडळे, 'सोचिएता दि मुतुओ सोकोर्सो', असे म्हणत. सभासद नियमित वर्गणी भरी; आजारपणात त्याला भत्ता मिळे आणि मृत्यू आल्यास अंत्यविधीची तजवीज मंडळ करी. खाणीत, रेल्वेमार्गावर वा बांधकामावर राबणाऱ्यांना दुसरा आधार नव्हता. परक्या मुलखात बेवारस मरण्याची भीती तर उपासमारीहून मोठी असावी, कारण सान फ्रान्सिस्कोतील १८५८ च्या मंडळाने पुढे कोल्मा येथे स्वतंत्र दफनभूमीच राखली. मुंबईतील गोंयकारांचे कूड ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. तेथेही एका गावची माणसे एकत्र राहत आणि गावच्या संताचा सण पाळत.

संताचा उत्सव हा या मंडळांचा दुसरा आधार. नेपल्सकरांनी न्यूयॉर्कच्या मल्बेरी स्ट्रीटवर १९२६ मध्ये संत जेन्नारोचा उत्सव सुरू केला. त्याहून विलक्षण म्हणजे नोला गावच्या लोकांचा, ब्रुकलिनमधील विल्यम्सबर्ग येथे १९०३ पासूनचा 'जिल्यो'. जिल्यो म्हणजे लिली. संत पाऊलिनुसाच्या स्मरणार्थ सुमारे ८० फूट उंच सजवलेला मनोरा, वाजंत्र्यांसह, शंभराहून अधिक पुरुष खांद्यावर घेऊन रस्त्यात नाचवतात.

गावागावांत विभागलेल्या या समाजाला बाहेरचे जग मात्र एकच समजत होते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात घुसलेल्या जमावाने ११ इटालियनांना ठार मारले. पोलीसप्रमुखाच्या खुनाचा ठपका असलेल्या या माणसांपैकी एकावरही तो गुन्हा शाबीत झालेला नव्हता. तो जमाव कोणाचे गाव विचारत बसला नव्हता.

सर्व गावांचे एक छत्र उभारण्याचे मोठे श्रेय डॉ. विंचेंझो सेलारो या सिसिलियन वैद्याकडे जाते. २२ जून १९०५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी 'ऑर्डर सन्स ऑफ इटली' स्थापन केली. सोबतच्या पाच जणांत एक औषधविक्रेता, एक वकील, एक मूर्तिकार आणि दोन केशकर्तनकार होते. या यादीतच संस्थेचा स्वभाव दिसतो. विमा, इंग्रजीचे शिक्षण आणि नागरिकत्वासाठी मार्गदर्शन ही तिची आरंभीची कामे. पुढे शिष्यवृत्त्या व भाषाप्रसार यांवर भर आला आणि २०१७ मध्ये नावात 'डॉटर्स'ही आल्या. वॉटरबरीची 'युनिको' (१९२२) आणि वॉशिंग्टनचे राष्ट्रीय इटालियन-अमेरिकन प्रतिष्ठान (१९७५) ही याच वाटेवरची नावे.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील एक साधे लाकडी घर ही ऑर्डर आज संग्रहालय म्हणून जपते. दूरध्वनीवर आरंभीचे प्रयोग करणारे फ्लॉरेन्सचे अंतोनिओ मेउच्ची तेथे राहत आणि नीसचे जुझेप्पे गारिबाल्दी निर्वासित असताना त्यांच्याकडे मेणबत्त्या बनवत. फ्लॉरेन्सकर आणि नीसकर यांचे हे घर एका सिसिलियनाने स्थापलेली संस्था आपले मानून सांभाळते.