पहारेकरी, किल्ली आणि पिंप

सकाळी ९.३०. पुण्यातला गेम स्टुडिओ, टेस्टिंगची खोली. रात्री तयार झालेला बिल्ड डाउनलोडला लावायचा आणि चहा गाठायचा.

१०.१५. चेकलिस्ट. खेळाडूने अदृश्य रेषा ओलांडली की पूल कोसळतो, सोबती ओरडतो, शत्रू येतात. सगळं आधीच ठरलेलं, स्क्रिप्टेड. मी रेषा उलट्या पावली ओलांडतो, उडी मारून ओलांडतो, नेमकी पूल कोसळताना गेम सेव्ह करतो. पूल पडला, सोबती हवेत उभा. बग नोंदवला. अशा ठरीव प्रसंगांना नाकं मुरडायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. १९९८च्या ‘हाफ-लाइफ’ने अख्खी गोष्ट याच तंत्राने सांगितली, तीही कॅमेरा खेळाडूच्या हातातून न काढता.

१.००. डबा. विषय ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मधल्या मांजरांचा. गुत्त्यात दारू सांडायची, तिच्यातून मांजरं चालायची, मग पंजे चाटायची आणि झिंगून मरायची. प्रत्येक चाटणं म्हणजे पूर्ण पेला, असा गेमचा हिशेब! नियम सगळे जागच्या जागी, फक्त एका आकड्याची चूक. मांजरांचा मृत्यू मात्र कुणीच लिहिला नव्हता.

२.३०. आता आमच्या गेममधली आग, वारा, पाणी. इथे चेकलिस्ट निरुपयोगी. निव्वळ खोड्या काढायच्या. दारूगोळ्याचं पिंप नदीत ढकललं. वाहत वाहत ते गडाच्या दाराशी लागलं. पेटता बाण मारला. दार उडालं. किल्ली शोधायची अर्ध्या तासाची मोहीम खलास.

५.००. बग-मीटिंग.

“पिंपाने दार उडवणं बंद करा,” प्रोग्रामर म्हणाला.

“का रे? माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. राहू दे,” डिझायनर खुशीत.

२०००च्या ‘ड्यूस एक्स’मध्ये खेळाडू भिंतीला चिकटवलेल्या सुरुंगांवर पाय देत वर चढले होते, याची मी आठवण करून दिली.

“राहू दे, पण दारावरच्या पहारेकऱ्याचं काय? दार नाही, तरी तो किल्लीच मागणार.”

खरंच होतं. खेळाडूला एक मोकळीक दिली की लेखकाला नवी स्क्रिप्ट लिहावी लागते. त्यात पहारेकऱ्याचा आवाज आधीच रेकॉर्ड झालेला. शेवटी ठरलं, दार उडालं की त्याने न बोलता पळ काढायचा.

६.४५. तिकिटावर शेरा : बग नाही. पळणाऱ्या पहारेकऱ्यासाठी नवी चेकलिस्ट मात्र मलाच करायची आहे. तो नदीत पडला तर?