‘शाळा-शाळा’ खेळताना कळते खरी शाळा

‘आज शाळेत काय झाले?’ संध्याकाळी घरोघरी विचारला जाणारा हा साधा प्रश्न. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला मात्र तो फार अवघड जाऊ शकतो. उत्तर येत नाही, किंवा ‘शाळेत काय झाले?’ हेच शब्द परत ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी गणवेश चढवताना रडारड, पोटदुखी, व्हॅनमध्ये बसायला नकार. शाळेचा निरोप असतो, ‘वर्गात तर काहीच त्रास देत नाही.’ मग पोर हट्टी आहे, असे सगळे ठरवून मोकळे होतात.

खरे कारण वेगळे असू शकते. ‘काय झाले?’ असे विचारले की दिवसभरातले नेमके काय सांगायचे, हे मुलालाच निवडावे लागते. त्यातच अनेक स्वमग्न व्यक्तींना स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणे जड जाते. पोटात भीतीने गोळा आला आहे की भुकेने, हेही कळत नाही. काही मुले शाळेत स्वतःला आवरून धरतात आणि घरी आल्यावर त्यांचा बांध फुटतो.

शब्द अडतात तिथे खेळ उपयोगी पडू शकतो. स्वमग्न मुले खोटे-खोटे खेळतच नाहीत, असा समज बराच काळ होता. त्याला आधारही होता. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम-चॅट’ या प्रश्नावलीत अशा खेळाबद्दल मुद्दाम विचारले जाते. मात्र १९८८ मध्ये विकी लुईस आणि जिल बाउचर या ब्रिटिश संशोधकांच्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. खेळणी समोर ठेवून थोडे सुचवल्यावर बऱ्यापैकी क्षमता असलेली स्वमग्न मुले असा खेळ करू शकत होती. म्हणजे अडचण कल्पनेची नसून स्वतःहून सुरुवात करण्याची असू शकते.

ही सुरुवात मोठ्यांनी करून द्यावी. पुठ्ठ्याच्या खोक्याचा वर्ग, काड्यापेट्यांचे बाक, एखादी छोटी गाडी म्हणजे शाळेची व्हॅन, चार बाहुल्या किंवा प्राणी आणि एक घंटा एवढे पुरते. बाहुलीला मुलाचे नाव देऊ नये. ‘हा हत्ती शाळेत चाललाय’ म्हटले की मुलावर दडपण येत नाही. ‘घंटा वाजली. आता हत्ती...’ असे अर्धे वाक्य सोडून थांबावे. मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहणे बहुतेक पालकांना जमत नाही, पण तेच महत्त्वाचे असते. मुलाला बाई किंवा सर होऊ द्यावे आणि मोठ्यांनी विद्यार्थी व्हावे. मूल कोणत्या आवाजात, कोणत्या शब्दांत रागावते, तेही ऐकावे.

कोणता प्रसंग पुन्हा पुन्हा येतो? कोणती जागा नेहमी गाळली जाते? खेळ कुठे एकदम थांबतो? समजा, हत्ती रोज वर्गात नीट बसतो, पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की मूल त्याला खोक्याखाली लपवते. कारण सुट्टीतला गोंगाट असेल, डब्यांचा एकत्र झालेला वास असेल किंवा एखादे चिडवणारे मूल. आवाज, वास, स्पर्श यांबाबतची तीव्र संवेदनशीलता ही स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत २०१३ पासून नोंदलेली आहे.

तरीही खेळ म्हणजे सीसीटीव्ही नव्हे. मुलाने बोललेले वाक्य एखाद्या कार्टूनमधून जसेच्या तसे आलेले असू शकते. ‘बाईंनी मारले का?’ असे सुचवणारे प्रश्न विचारले, तर मूल केवळ होकार देऊन मोकळे होईल. म्हणून खेळात दिसलेली गोष्ट हा अंदाज समजावा आणि तो शिक्षकांशी बोलून, शक्य असल्यास ती वेळ प्रत्यक्ष पाहून पडताळावा. मग एका वेळी एकच बदल करून पाहावा. सुट्टीत शांत कोपऱ्यात डबा खाण्याची मुभा मिळाल्यावर सकाळची पोटदुखी कमी झाली, तर अंदाज बरोबर असण्याची शक्यता वाढते.

अंगावरच्या जखमा, अचानक बदललेले वागणे किंवा विशिष्ट व्यक्तीची तीव्र भीती दिसली, तर घरी खेळातून चौकशी करत बसू नये. थेट डॉक्टरांकडे जावे. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरही मदत मिळते.

प्रत्येक मुलाला असा खेळ रुचेलच असे नाही. काहींना शाळेच्या जागांचे फोटो दाखवून ‘आवडते’ आणि ‘आवडत नाही’ अशा दोन डब्यांत टाकायला सांगितले, तर ते सोपे जाते. काही मुले चित्र काढतात, काही व्हॅन आणि बाक फक्त एका ओळीत मांडतात. त्या मांडणीत मोठ्यांनी ढवळाढवळ न करता शेजारी बसावे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी देणे त्यानुसार शाळांवर बंधनकारक आहे. ‘त्याला शाळा आवडत नाही’ एवढ्यावर शाळेला फारसे काही करता येत नाही. ‘मधल्या सुट्टीची पहिली दहा मिनिटे त्याला झेपत नाहीत’ असे सांगितले, तर शिक्षकांना काय करायचे ते कळते.