पदर उलटा करून बघा

रत्नागिरीत हॉस्टेलला राहून थिबा पॉइंटला गेला नाही असा प्राणी शोधूनही सापडायचा नाही. सूर्यास्त, खाडी, फोटो, वडापाव आणि परत. जवळच थिबा पॅलेस आहे, आत म्युझियम आहे, पण आत शिरणारे कमीच. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेत पकडलं, १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, एवढी हिस्टरी आपल्याला रिक्षावालेसुद्धा सांगतात. मला सांगायचंय ते त्याच्या दरबारातल्या कापडाबद्दल.

मंडालेच्या राजघराण्यात लाटालाटांच्या नक्षीचं एक रेशमी वस्त्र वापरत. त्याचं नाव लुन्तया आचेक. ब्रह्मी भाषेत 'लुन्' म्हणजे धोटा आणि 'तया' म्हणजे शंभर. शंभर धोट्यांचं कापड! मंडालेजवळच्या अमरपुरात ते आजही हातमागावर विणतात. आता एका कापडाला शंभर धोटे लागतातच कशाला, हा प्रश्न इंजिनिअरला पडायलाच हवा. उत्तरासाठी ब्रह्मदेशात जायची गरज नाही. पैठणीचा पदर नेमका याच तत्त्वावर विणला जातो. (कोणी कोणाकडून शिकलं असा माझा अजिबात दावा नाही. हेच तंत्र काश्मीरच्या कानी शालीतही आहे.)

साध्या कापडात उभे धागे मागावर ताणलेले असतात, तो ताणा. आडवा धागा धोट्यातून या काठापासून त्या काठापर्यंत जातो, तो बाणा. पैठणीच्या पदरात असा एकच बाणा सरळ पलीकडे जात नाही. मोराची निळी मान जिथे सुरू होते तिथे निळा धागा आत येतो, मान संपली की तिथूनच मागे फिरतो. शेजारच्या जागेत जरीचा धागा तेच करतो. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची छोटी कांडी. एका ओळीत मोर, पोपट, वेल, कुयरी असं सगळं आलं की विणकरासमोर कांड्यांची रांगच लटकते आणि एक ओळ पूर्ण करायला त्या एकेक करून हाताने फिरवाव्या लागतात. मग फणीचा एक ठोका, आणि पुढची ओळ.

खरी गंमत आहे ती दोन रंगांच्या सीमेवर. निळा मागे फिरला, सोनेरी मागे फिरला, तर मध्ये उभी फट राहणार. मेकॅनिकलवाल्यांना हे सांगायला नको, फट म्हणजे क्रॅक, ताण आला की तिथूनच फाटणार. गालिच्यांमधल्या किलीम प्रकारात अशा फटी ठेवतात आणि त्या फार लांब होऊ नयेत म्हणून नक्षीच तिरकी, पायऱ्यापायऱ्यांची घेतात. पैठणीवाल्याने दुसरा मार्ग धरला. परत फिरताना निळा धागा सोनेरी धाग्यात अडकवायचा, जणू दोघांनी एकमेकांच्या बोटात बोट घातलंय. फट नाही, गाठ नाही, मागे लोंबणारा धागा नाही. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो, फक्त तोंड दुसरीकडे!

म्युझियममध्ये नेमकी हीच बाजू दिसत नाही. काचेमागे पैठणी पसरलेली असते, सुलटी बाजू वर, उजेड मंद. त्याला कारण आहे. प्रकाशाने रेशमाचं होणारं नुकसान साठत जातं, भरून येत नाही, म्हणून अशा वस्त्रांवर साधारण ५० लक्सच ठेवतात. आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये याच्या कितीतरी पट उजेड असतो. तेव्हा म्युझियमला दोष देत नाही. पण खालच्या पाटीवर 'पैठणी, रेशीम व जर' एवढंच वाचून माणूस पुढे जातो आणि ती कशी झाली हे उलट्या बाजूलाच राहून जातं.

या हाताच्या कामाला मशीनचं उत्तर आलं फ्रान्समधून. १८०४ मध्ये जाकारने मागावर भोकं पाडलेली कार्डं बसवली. एक कार्ड म्हणजे एक ओळ, आणि भोक आहे की नाही त्यावरून कोणते उभे धागे उचलायचे ते ठरणार. पुढे बॅबेजने आपल्या अॅनालिटिकल इंजिनसाठी हीच कार्डं घ्यायचं ठरवलं. कॉम्प्युटरवाल्यांनी इथे मान ताठ करायला हरकत नाही. पण जाकार मागावर रंगीत बाणा सहसा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. नक्षीत लागेल तिथे वर दिसतो, नको तिथे मागून मोकळा धावतो. म्हणजे मागच्या बाजूला सुट्ट्या धाग्यांचं जंगल! एकोणिसाव्या शतकात युरोपात काश्मिरी शालींच्या नकला अशाच निघाल्या, आणि मागचे धागे चक्क कातरून टाकत.

रेशमाचा हा कारखाना सगळ्यात मोठ्या प्रमाणावर पाहिला तो अमेरिकेने. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावाचं टोपणनावच 'सिल्क सिटी'. तिथल्या म्युझियममध्ये रेशमाचे जुने माग आणि मशीन्स ठेवली आहेत. हे माग बघताना १९१३ साल आठवायला हवं. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराला मालकाने चार सांभाळायला सांगितले आणि गावातले हजारो कामगार फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत संपावर गेले. संप फसला.

त्याच काळातल्या रेशमाने म्युझियमवाल्यांना आणखी एक डोकेदुखी दिली आहे. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंक असतो. तो उकळून काढला की वजन २० ते २५ टक्के उतरतं. रेशीम विकलं जातं वजनावर, मग व्यापाऱ्याने काय करावं? कथिलाचे क्षार रेशमात मुरवून वजन परत चढवलं, काही वेळा मूळच्यापेक्षाही जास्त. कापड जड, भारदस्त, सळसळतं. आणि आज तेच कापड बंद पेटीतसुद्धा उभ्या चिरा जाऊन तुकडे होतंय. त्या वेळी घेणाऱ्याला समोरून काहीच कळलं नसणार.

आपल्याकडे काय चाललंय? पैठणीचं नाव ज्या गावावरून पडलं ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं पैठण. पण आज जास्त माग खडखडतात ते नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात. साध्या पैठणीलाही काही आठवडे लागतात, भरगच्च पदराला कित्येक महिने. बाजारात मात्र 'सेमी पैठणी'चे ढीग आहेत. मला सेमी पैठणीचा राग नाही. सगळ्यांना काही खरी परवडत नाही, आणि यंत्रमागावर काम करणाराही विणकरच आहे. राग येतो तो सेमीला खरी म्हणून विकण्याचा. माझ्या मावशीला एका दुकानात 'प्युअर हँडलूम' म्हणून दाखवलेल्या साडीच्या पदरामागे बारीक जाळी शिवलेली होती. का, तर म्हणे बांगडीत धागे अडकू नयेत! अहो, धागे मोकळे आहेत म्हणूनच ना अडकणार?

आणि 'हँडलूम' या शब्दानेही भुलू नका, कारण जाकार हातमागावरही बसवता येतो. माग हाताने चालला म्हणजे मोर हाताने विणला असं होत नाही. पैठणीला २०१० मध्ये जीआय मिळाला, रेशीम खरं असल्याची खात्री द्यायला सिल्क मार्क आहे. पण सिल्क मार्क रेशमाबद्दल बोलतो, विणीबद्दल नाही.

आता ट्रॅडिशनल डे जवळ आला की लेडीज हॉस्टेलमध्ये घरोघरच्या पैठण्या येतील. आधी पदर उलटा करून बघा. दोन्हीकडे मोर सारखाच स्वच्छ असेल तर ती साडी इस्त्रीवाल्याकडे टाकू नका आणि तिच्यावर थेट सेंट मारू नका, जर काळी पडते. परत नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा. आणि आईला सांगा की वर्षातून दोनदा तरी घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर जर घडीवरच तुटते.